अकरावी मागणी

नूतननं पाण्याचा ग्लास परत साहेबांकडे सरकवला.

"घ्या ना. शेहेचाळीस अंश आहे बाहेर," खाणीचे व्यवस्थापक म्हणाले.

"दोनची शिफ्ट हाय, साहेब. बारानंतर आमी पाणी पेत नाई."

साहेबांना कळलं नाही. मग तिनं सरळ सांगितलं, डंपरमधला बिघाड सांगावा तसं. खाली खाणीत बायकांसाठी संडास नाही. पुरुष चाकाच्या आडोशाला उभे राहतात. ती, हर्षा आणि दिव्यानी, डंपर चालवणाऱ्या तिघी, आठ-आठ तास रोखून धरतात. मार्चपासून दोघींना मूतखडा झालाय.

युनियनचे सचिव लटारूभाऊ मागण्यांच्या कागदाकडे बघत होते. हा मुद्दा अकरावा. त्यांनीच तो शेवटी टाकला होता. आधीचे दहा मान्य झाले होते. सहीसाठी पेन उघडं होतं.

"सोपं आहे," साहेब म्हणाले. "तिघींना ऑफिसात घेऊ. फाईली, चहापाणी. इथं सगळी सोय आहे."

लटारूभाऊंचा चेहरा सैल पडला. "बरं हाय की, नूतन. एसीत बसशील."

नूतनच्या बापाची जमीन खाणीत गेली, तिच्या बदल्यात ही नोकरी. सहा महिन्यांचं प्रशिक्षण, बत्तीस जणांत पहिला नंबर. शंभर टनांचं धूड ती उतारावर मागे घेते, आणि हे तिला कपबशा विसळायला बसवणार.

"भाऊ, ब्लास्टिंगच्या टायमाले लपायले शेड नव्हता, तवा तुमी तीन दिवस खाण बंद ठेवली. माणसाईले ऑफिसात बसवा, असं काऊन नाई म्हणलं?"

लटारूभाऊ पुन्हा कागदाकडे बघू लागले.

"मी संडास मागून राह्यली, आन् तुमी माहा डंपरच देऊन राह्यले."

"एका मुद्द्यासाठी दहा अडवू नका, भाऊ," साहेब हसून म्हणाले.

लटारूभाऊंनी पेनला टोपण लावलं. फोन काढून खाणीवरच्या युनियनच्या कार्यकर्त्याला, श्रावणला लावला.

"दोनच्या पाळीले खाली उतरू देऊ नको. कोणालेच नाई... बायांच्या संडाससाठी."

पलीकडे हसू फुटलं. खोलीत सगळ्यांना ऐकू आलं. "भाऊ, मजाक करून राह्यले का?"

लटारूभाऊंनी मान खाली घातली. मग नूतनकडे न बघता त्यांनी फोन तिच्यासमोर टेबलावर ठेवला आणि स्पीकर सुरू केला.

"आता हास, श्रावण," ते म्हणाले. "बाई समोर बसली हाय."