‘खारं पाणी’ बँडचा अॅम्प्लिफायर

मी ‘खारं पाणी’ बँडचा अॅम्प्लिफायर बोलतोय. बोलतोय तेही घाबरत घाबरतच, कारण माझा स्वभावच धास्तीखोर. विजेचा दाब जरा वरखाली झाला की माझ्या पोटात गोळा येतो. त्यात पोटात स्प्रिंगा! गिटारची तार छेडली की सूर त्या स्प्रिंगांतून थरथरत जातो आणि लाट फुटावी तसा बाहेर पडतो. लाटांवर फळ्या घेऊन खेळणाऱ्या अमेरिकेतल्या पोरांचं हे संगीत. त्याला सर्फ रॉक म्हणतात.

जन्म माझा मुंबईचा. उमेदीची वर्षं औरंगाबादेतल्या एका हॉटेलात गझला ऐकण्यात गेली. ते बंद पडलं तेव्हा बद्रीनाथनं मला घरी आणलं. तो चितेगावच्या कंपनीत कामाला, पण जीव सगळा गिटारमध्ये. त्याचा जिवलग मुंजाबा ड्रम वाजवायचा आणि मध्येच काठ्या टाकून आजोबांचा धनगरी ढोल गळ्यात अडकवायचा. बेस गिटारला काकासाहेब. समुद्र तिघांपैकी एकानंही पाहिला नव्हता. समुद्र म्हणजे त्यांच्या लेखी पैठणचं धरण! पण वाजवायला लागले की लोक जागचे हलत नसत.

आधी गल्लीतल्या गणपतीपुढं, मग कॉलेजांत, मग सिल्लोडला, जालन्याला, असं नाव होत गेलं. माणसांचं मला एक कळत नाही. नाव होईपर्यंत एका ताटात जेवतात आणि नाव झालं की ताट कुणाचं ते विचारतात. पोस्टरवर एकट्या बद्रीनाथचाच फोटो मोठा आला, तेव्हा मुंजाबा हसला. मला मात्र धस्स झालं.

तशात निरोप आला. नवरात्रातल्या महोत्सवात गोव्यातले कार्यक्रम ठरवणाऱ्या एक बाई त्यांना ऐकायला येणार होत्या. पसंत पडलं तर गोव्याला, थेट समुद्रकाठी वाजवायला नेणार होत्या. पोरं हरखली आणि माझी झोप उडाली.

कार्यक्रम नेमका खंडेनवमीला. त्या दिवशी घरातली हत्यारं-अवजारं पुजायची. बद्रीनाथची आई सरूबाई हिनं विळ्या-कोयत्याशेजारी मलाही मांडलं, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. मी सुखावलोही. आणि मग तिनं माझ्याच लोखंडी कोपऱ्यावर नारळ फोडला! पाणी जाळीतून थेट पोटात. “लेकराला यश दे गं आई,” ती हात जोडून म्हणत होती. तिच्यावर रागावणार तरी कसा?

बद्रीनाथ दारातच उभा होता. त्यानं घाईघाईनं मला पुसलं.

“काय झालं रं?” सरूबाईनं विचारलं.

“काय नाय, माय. लई चांगली झाली पूजा.”

अरे, मला उघड, वाळव, मी मनातल्या मनात ओरडत होतो. पण टेम्पो दारात आला होता. मुंजाबानं मला खांद्यावर घेतलं आणि तान्ह्या पोरासारखं जपून नेलं, जपून उतरवलं.

पहिल्याच गाण्यात मी खरखरलो, घुमलो आणि गप्प झालो. मैदान हसलं. लाज राखायला मुंजाबा एकटाच ढोल बडवत राहिला. बाई उठून गेल्या.

स्टेजमागं काकासाहेब म्हणाला, “झालं काय याला?”

बद्रीनाथची मान खाली. “मुंजाबानं टेम्पोतून उतरवताना आदळला.”

“मी?” मुंजाबा एवढंच बोलला आणि ढोल तिथंच ठेवून चालता झाला.

आईचं नाव चारचौघांत घ्यायला बद्रीनाथची जीभ रेटेना, हे मला कळत होतं. पण एकाला झाकायला त्यानं दुसऱ्याला उघडं पाडलं. बँड तिथंच फुटला. काकासाहेब लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गेला.

ढोल बद्रीनाथनं घरी आणून ठेवला होता. दिवाळीनंतर मुंजाबा तो न्यायला आला. सरूबाईनं चहा केला. “का रं येत नाय लेकरा? एवढा नारळ फोडला म्या ह्याच्यावर, तरी दिष्ट लागली बघ तुमाला.”

मुंजाबानं माझ्याकडं पाहिलं, मग बद्रीनाथकडं. चहा संपवला. “चहा लई चांगला झाला, मावशी,” म्हणाला. उंबऱ्यापाशी मात्र थांबला आणि हळूच बोलला, “तू नुसतं माझ्या कानात सांगायचं व्हतं, बद्री. मीच म्हणलो असतो, माझ्या हातून पडला.”

आता मी दिवाणाखाली आहे. स्प्रिंगा गंजल्यात. बद्रीनाथ रोज फोनमध्ये मुंजाबाचा नंबर काढतो आणि न लावताच फोन पालथा ठेवतो. परवा तो मला दुरुस्तीला न्यायचं म्हणत होता, म्हणे तेवढ्यानं सगळं पुन्हा सुरू होईल. त्याला कुणीतरी सांगा हो. बद्री, मला राहू दे असाच मुका. तू आधी मुंजाबाच्या घरी जा, आणि जाताना मला बरोबर नेऊ नकोस.