झाडलेलं शेत

सासूबाई खराटा घेऊन शेत झाडत होत्या. अंगण नव्हे, शेत. डोंगरउतारावरची ती पट्टी वाटेवरून उघडी दिसे, आणि दुपारी लेकीकडचे व्याही यायचे होते.

सून बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. जाण्याआधी तिने फुलावर आलेली चवळी कापून जागच्या जागी पसरली होती आणि त्या पाल्यातूनच काठीने भोकं पाडून मका टोकला होता. नांगर लावलाच नव्हता. नवऱ्याने बजावलं होतं, हा एक हंगाम तुझा. फसला तर पुढे नांगर चालेल आणि तू तोंड उघडायचं नाही. उतार नांगरायचा, माती ओढ्यात घालवायची आणि मग आभाळाला शिव्या द्यायच्या, यालाच त्या घरात पिढ्यानपिढ्या शेती म्हणत.

अर्धं शेत लख्ख झालं आणि सासूबाईंची कंबर धरली. झाडलेला पाला त्यांनी बांधावर पेटवून दिला. व्याही आले, जेवून गेले. शेताकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

सून परतली ती राखेपाशीच थांबली.

"चारचौघांत बरं दिसावं म्हणून जरा हात फिरवला," सासूबाई म्हणाल्या. "उरलेलं उद्या करते."

"राहू द्या, आई. कंबर दुखेल." सुनेने खराटा अलगद काढून घेतला.

मका वर आला आणि पाऊस कोसळला. झाडलेल्या अर्ध्यातून चहासारखं पाणी कोवळी रोपं घेऊन ओढ्याकडे पळालं. उरलेल्या अर्ध्यात पाणी मुरलं, आणि कुजत्या चवळीतून मका ताठ उभा राहिला. सासूबाईंनी वाकून पाला उचलला. खाली गांडुळं वळवळत होती. त्यांनी तो पुन्हा ठेवला, दुधावर झाकण ठेवावं तसा.

नवरा आला. त्याने एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं.

"टोकायची काठी कुठंय?" त्याने विचारलं. "हे अर्धं पुन्हा टोकू."

"टोकशील रे," सासूबाई म्हणाल्या. "पण वर पांघरायला काय आहे?"

पुढच्या आठवड्यात शेजारीण सुनेला वाटेत भेटली. तुझ्या सासूला काय झालंय, म्हणाली. आयुष्यभर माझ्या अंगणाला नावं ठेवली, आता रोज सकाळी स्वतःच येऊन झाडून देते, कचरासुद्धा घेऊन जाते. वर चहाही घेत नाही.

"त्यांना पसारा बघवत नाही," सून म्हणाली.

तिकडे चढावर एक पाटी डुलत चालली होती, काठोकाठ वाळल्या पानांची. पाटीखालून गुणगुण ऐकू येत होती.