निवत चाललेला तारा

आमचा तारा मेलेला आहे. मोठा तारा फुटल्यावर मागे उरलेला गाभा, जेमतेम एखाद्या शहराएवढा. गरगर फिरतो आणि दर फेरीला क्ष-किरणांचा एक ठोका देतो. असे तारे सावकाश निवतात. आमचा मात्र झपाट्याने निवतोय, म्हणूनच त्याचा उजेड दरवर्षी मंद होतोय, हा सरांचा कित्येक वर्षांचा दावा. लोक हसले, सरांनी कुणाला भीक घातली नाही. आता डॉक्टरांनी हात टेकले होते आणि सरांना एकच हवं होतं: डोळे मिटायच्या आत त्यावरचा पेपर विज्ञानाच्या नियतकालिकात छापून यावा.

शेवटचे आकडे तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं. अवकाशातली दुर्बीण ठीक आहे ना, हे कळायला एका जुन्या वायूच्या ढगाकडे अधूनमधून बघायचं असतं, कारण त्याचा उजेड बदलत नाही. सरांनी ते पहिल्या वर्षी केलं आणि बंद केलं. "दुर्बिणीचा वेळ काय झाडाला लागतो?" म्हणायचे. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, आणि आम्ही सगळे विद्यार्थी नंदीबैल.

यंदा मी त्याच दुर्बिणीतून दुसऱ्या गटाने घेतलेली ढगाची निरीक्षणं मागवली. ढगही मंद झाला होता. ताऱ्याइतकाच. माझ्या पायाखालची वाळू सरकली. तारा झपाट्याने निवत नव्हता. कॅमेऱ्याच्या खिडकीवर वर्षानुवर्षं तेलकट पुट चढत होतं, स्वयंपाकघरातल्या बल्बवर चढतं तसं. आधी सरांचा राग आला, मग स्वतःचा, मग नुसतंच रडू आलं.

संध्याकाळी सरांच्या घरी गेले. दार काकूंनी, सरांच्या बायकोने, उघडलं. "आज त्यांना काहीतरी चांगलं सांग गं," त्या हळूच म्हणाल्या.

सर उशांना टेकून बसले होते. "पाठवलास पेपर?"

"सर, ठोके अगदी बरोबर आहेत. एकही चुकलेला नाही."

"ठोक्यांचं काय कौतुक सांगतेस? तापमानाचं बोल."

मला खोटं बोलता येईना आणि खरंही. मी पाण्याच्या पेल्याकडे बघत राहिले.

"ढग बघितलास तू," सर म्हणाले. "तोही मंद?"

"तेवढाच."

काकू दारातून आत निघून गेल्या. सरांनी डोळे मिटले.

"पेपर पाठवू नकोस. ढगाचं तू लिही. माझी गय करू नकोस."

मी त्यांचा हात धरला.

"म्हणजे तो अजून तसाच गरम आहे," ते पुटपुटले. "बरं झालं."

त्यांचा हात गार होता. मी तो दोन्ही हातांत धरून चोळत बसले. काही केल्या ऊब येईना.