कोपऱ्यातल्या खांबाचं वय

आमच्या धंद्यात एक अलिखित नियम आहे. दुसऱ्या गाईडची चूक त्याच्या पर्यटकांसमोर काढायची नाही. मागाहून बारमध्ये काढा, पोटभर काढा.

फुल्वियोने सहा वर्षांपूर्वी हा नियम मोडला. एर्सिलिया आपल्या बारा फ्रेंच पर्यटकांना फोरम या प्राचीन रोमन चौकाच्या कोपऱ्यातला एक खांब दाखवत होती. फुल्वियोला फ्रेंच येत नाही, पण शतक सांगताना तिने वर केलेली तीन बोटं त्याला दिसली. त्याने लांबूनच दोन दाखवली. बाराही जण हसले. सप्टेंबरात दोघांचं लग्न होतं, ते राहिलं. खांब उभा आहे.

तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. पण पर्यटकांच्या कानात गाईडचा आवाज पोचवणाऱ्या यंत्रांचा हिशेब माझ्याकडे असतो, आणि फुल्वियो रोज एक जादा घेऊन जातो, हे मला ठाऊक होतं. आपल्या गटाला फोटोंसाठी दहा मिनिटं मोकळं सोडायचं, टायटसच्या कमानीआड उभं राहायचं आणि ते यंत्र एर्सिलियाच्या चॅनेलवर लावून ऐकायचं. सहा वर्षं. एक शब्द न कळता.

काल जुन्या यंत्रांचा शेवटचा दिवस होता. नव्यांत दुसऱ्या गटाचं काही ऐकू येत नाही. जुनी गोळा करायला मी कमानीपाशी गेलो.

“पाच मिनिटं थांब,” फुल्वियो म्हणाला. “ती आत्ता खांबापाशी पोचेल. तिथं आवाज जरा खाली येतो तिचा.”

“सहा वर्षांत फ्रेंच शिकला असतास, गाढवा.”

“मग अर्थाकडे लक्ष गेलं असतं.” त्याने कानातलं यंत्र काढून माझ्या हातात दिलं. “ऐक. सर्दी झालीये का तिला?”

मी दोन वर्षं लियोंच्या एका बेकरीत पाव भाजले आहेत, फ्रेंच तिथंच शिकलो. सर्दी नव्हती. ती सांगत होती, ‘हा खांब दुसऱ्या शतकातला. मी तिसरं म्हणायचे. एकाने चूक दाखवली. बरोबर होता, पण उद्धट होता. इथं आले की रोज त्याची आठवण येते.’

मी शब्दन् शब्द सांगितला.

“उद्धट म्हणाली?”

“हो.”

“आणि ‘रोज’ म्हणाली?”

“तेही म्हणाली.”

तो निघाला. घाईत हातातली लाल छत्री उंच धरलेलीच राहिली. ती वर दिसली की मागे चालायचं, हे त्यानेच सकाळी आपल्या लोकांना बजावलं होतं. फोटो काढणारे बाराच्या बारा जण मुकाट्याने मागे निघाले. एका आजीबाईंनी तर वही काढली.

एर्सिलियाने त्याला पाहिलं, मग मागची रांग पाहिली.

“तो खांब…” फुल्वियो म्हणाला, आणि अडला. दोन हजार वर्षांचा इतिहास न अडखळता सांगणारा माणूस.

“बाराजणांसमोर चूक काढलीस,” ती म्हणाली. आवाज खरंच जरा खाली आला होता. “आता चोवीस आहेत. बोल.”

त्याने आधी छत्री मिटली.