हातात मावेल एवढी वाट

कंपनीच्या दाराशी फोनच्या कॅमेऱ्यावर सौरभनं लाल पट्टी चिकटवली, अंगठ्यानं दाबली, आणि कितीतरी वर्षांनी बायडाआत्याचा आवाज त्याच्या कानात उतरला. लहानपणी मांजरी गावच्या घरात तो गोधडीत असायचा, तेव्हा पिठाच्या वासाबरोबर यायचा तो आवाज.

जात्यापाशी बोलले गं, जातं न्हाई मागं सांगत
माणसाशी बोलले गं, गेलं गावभर पांगत

आत्या गेली, जातंही गेलं. सौरभ मात्र हिंजवडीच्या या इमारतीत न सांगण्याचाच पगार घेत होता.

परदेशातले व्हिडिओ गेम इथे तपासायला येत, बाजारात यायच्या कितीतरी आधी. आत आल्याबरोबर प्रत्येकाला टोपणनाव मिळे. विभागप्रमुख श्रीधर सरांनी भाज्यांची नावं द्यायची प्रथा पाडली होती: दोडका, घोसाळं, माठ. खरं नाव आणि खरा धनी तपासणाऱ्याला कळू नये, आणि कळलंच तर त्यानं ते घरी नेऊ नये. शेजारच्या खुर्चीवरच्या केदारनं नेलं होतं. एका लग्नात मेव्हण्याला नुसतं एका गेमचं नाव सांगितलं. पुढच्याच आठवड्यात त्याला जेवणाच्या सुट्टीआधी खाली नेलं, डबा तसाच भरलेला हातात. निरोप घ्यायला कुणी उठलं नाही. त्याच्या खुर्चीवर आता दुसऱ्याच कुणाचं जर्किन असे.

"पडवळ आलंय," श्रीधर सर म्हणाले. "तू घे. साधं आहे. एक बाई चालते, बास."

सौरभनं कंट्रोलर हातात घेतला. समोरच्या भिंतीएवढ्या पडद्यावर उसाचं रान उजाडलं. कडेनं कोरडा कालवा. कालव्याच्या बांधावर एक बाई पाठमोरी उभी. त्यानं अंगठ्यानं पुढे ढकललं तशी ती चालू लागली, आणि त्याचा अंगठा जागीच थांबला.

उजवं पाऊल आत वळवून. डाव्या हातानं निऱ्या किंचित उचलून. वळणाआधी जरा थबकून, जमिनीला विचारल्यासारखं. ऊसतोडीत कापल्या उसाचा बुडखा पायाच्या तळव्यात घुसला तेव्हापासून शालन, सौरभची आई, अशीच चालत होती. असं दुसरं कुणी चालताना त्यानं पाहिलं नव्हतं.

आणि ते चालणं टिपून ठेवणारंही एकच माणूस होतं. गेलं वर्षभर रविवारी मांजरीला गेलं, की त्याची बायको चैताली, खेळांची चित्रं काढणारी, अंगणातल्या बाजेवर बसून सासूकडे पाणी मागायची. थोड्या वेळानं पुन्हा मागायची. आई तांब्या घेऊन परत परत येई आणि हसून म्हणे, "पोरीच्या पोटात आड हाय का काय?" तेव्हा सौरभला वाटायचं, ऊन लागतंय हिला.

पडद्यावरची बाई वळली. तिचा चेहरा जवळ आला. तळहाताएवढ्या पडद्यासाठी काढलेल्या रेघा ताणून भिंतीवर टांगल्या होत्या. कडांना त्या फाटल्या होत्या. आणि त्या चेहऱ्यात डोळे होते. टपोरे, तुकतुकीत, पापण्यांचे. लहान चित्रात चैताली कधी डोळे काढत नसे. त्यांच्या लग्नपत्रिकेवरच्या जोडप्यालाही तिनं काढले नव्हते. हे कुणीतरी मागाहून बसवले होते.

"हे हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी होतं ना, सर?" त्यानं विचारलं.

"होतं. एकट्या त्याच यंत्रासाठी. एक्सक्लुझिव्ह." सरांनी चहाचा कागदी कप चुरगळला. "आता ते यंत्रच निघत नाहीये. बाहेरच्या मालकांनी गुंडाळलं. गेम मोठ्या पडद्यावर आणतायत, सगळ्यांच्या यंत्रांवर. लग्नात एकनिष्ठा राहिली नाही, खेळात कुठनं राहणार?"

"आणि ज्यांनी काढलंय ते?"

"बाणेरची कुठली तरी टीम. त्यांना दिवाळीनंतर सांगणार म्हणे. तोवर उरलेली चित्रं काढून घेतायत त्यांच्याकडनं. मग पुढचं काम बाहेरच." सर जाता जाता थांबले. "तुला काय त्याचं?"

"काही नाही. बाईचं पाऊल जरा वाकडं पडतंय."

"मग टाक की लिहून. सरळ करतील."

सौरभनं ते लिहिलं नाही. संध्याकाळपर्यंत तो आईला कालव्याच्या कडेनं चालवत राहिला. भिंतीला धडकवून पाहिलं, पाण्यात पाडून पाहिलं, माघारी फिरवून पाहिलं. कामच होतं ते.

वारज्याचं घर दोघांच्या पगारावर उभं होतं. त्याची कंपनी खेळाच्या एका यंत्राचं काम करायची, चैतालीची बाणेरची कंपनी दुसऱ्या यंत्राचं, आणि दोन्ही यंत्रांचं आपसात जुनं वैर. लग्न झाल्यावर दोघांनी मिळूनच नियम केला होता: घरात कामाचं नाव काढायचं नाही. ती काम घरी आणायची तेव्हा लहान खोलीचं दार लावून घ्यायची. तो चहा करून कप दाराबाहेर फरशीवर ठेवायचा, टकटक करायचा आणि दार उघडायच्या आत निघून जायचा. बोलायचंच झालं तर टोपणनावांत. तिच्या कंपनीत पक्ष्यांची नावं होती.

"दोडका कसा आहे?" ती विचारायची.

"कडू. टिटवी काय म्हणते?"

"दिवाळीला उडेल."

तेवढ्यावर दोघांचं हसून व्हायचं. जगातलं ते मोठं भांडण त्या हसण्यापाशी येऊन निवायचं. पडवळ आलं त्या मंगळवारी मात्र तिनं दोडक्याचं विचारलं तेव्हा "बरा आहे" म्हणून तो भांडी घासायला लागला. पडवळ म्हणजेच टिटवी हे कळल्यावर टिटवीचं त्यानं विचारलं नाही.

गुरुवारी तिनंच कॉलेजचा विषय काढला. एका डिझाइन कॉलेजात तिला शिकवायला बोलावलं होतं. पक्की जागा. पण उत्तर रविवारपर्यंत हवं होतं. नाहीतर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

"कॉलेजच्या स्पृहा मॅडमना नाही म्हणून टाकते," पोळी लाटता लाटता चैताली म्हणाली. "अशी जागा पुन्हा यायची नाही, ते कळतंय मला. पण टिटवी अर्ध्यावर सोडून कुठे जाऊ?"

"घे की ती जागा."

"का?"

"पक्की आहे. सुट्या असतात."

तिचं लाटणं थांबलं. "सुट्या."

"हातातल्या यंत्रांचं काही खरं नाही म्हणतात आता. प्रत्येकाकडे फोन आहे."

"कोण म्हणतं?"

"असंच. लोक."

"लोक म्हणजे तू." ती पुन्हा लाटू लागली, जरा जोरात. "सरळ सांग ना सौरभ, तुला माझं काम पोरखेळ वाटतं. आपण मात्र दिवसभर दोडके सोलतो."

सांगायचं तर तेव्हाच सांगता आलं असतं. पण चैताली ऐकून घरात बसणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती तिच्या कंपनीच्या उल्का मॅडमसमोर उभी राहिली असती. उल्का मॅडमनी बाहेरच्यांना विचारलं असतं, बाहेरच्यांनी विचारलं असतं की हे फुटलं कुठून, आणि तिचा नवरा कुठे कामाला आहे हे सगळ्या बाणेरला ठाऊक होतं. मग दोन्ही पगार एकदमच गेले असते. तवा धुरावला होता. सौरभनं गॅस बारीक केला.

त्यानंतर दाराबाहेर ठेवलेला कप तसाच राहू लागला. तो सायीसकट उचलून ओतून द्यायचा.

रविवारी दोघं मांजरीला गेले. घरामागचं उसाचं रान आता निम्मंच उरलं होतं. उरलेल्यात बारा मजली इमारतींचे सांगाडे उभे होते. त्यांच्या सावल्या दुपारनंतर शालनच्या अंगणात येऊन बसत. शालन अंगणात शेंगा फोडत होती. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली सौरभच्या पदवीचा फोटो, काच नव्यानं पुसलेली.

जेवणं झाली तशी चैताली सासूच्या शेजारी जाऊन बसली. थोडा वेळ तिनंही शेंगा फोडल्या.

"आई, एक सांगू? नाव-गाव सांगणार नाही. रागावायचं नाही."

"सांग की."

"तुमचं चालणं मी घेतलंय. कामात."

शालनचा हात शेंगेवर थांबला. "माजं चालणं? ते काय घेण्यासारखं हाय का? लंगडी चाल ती."

"म्हणूनच." चैतालीनं मान वर केली. दारात उभ्या सौरभकडे पाहून ती गेल्या तीन-चार दिवसांत पहिल्यांदा हसली. "तू कान झाक. नियम आहे."

सौरभनं दोन्ही तळहात कानांवर ठेवले. बोटांच्या फटींतून सगळं ऐकू येत होतं.

"एक बाई आहे, आई. कालव्याला पाणी येत नाही, म्हणून ती वरपर्यंत शोधत जाते, पाणी कुठं अडलंय ते. सगळी वाट तुमच्यासारखी चालते. माझ्या टीममधल्या सगळ्यांना तुमचं पाऊल पाठ झालंय."

"आगं मग आदी सांगायचं न्हाई का? जरा बरं लुगडं नेसले आसते." शालन हसली. पदरानं तोंड पुसलं. "माज्या आयनं सांगितलं हुतं, पोरी, तुजं पाऊल बिगाडलं, आता तुला कोन बगनार. आन् तू ते काडून ठेवलंस."

"दिवाळीला आणून देते. यंत्र एवढंसं असतं." चैतालीनं सासूचा हात उलटा करून आपल्या मांडीवर घेतला आणि भेगाळलेल्या तळव्यावर बोटांनी चौकोन काढला. "इथे मावतं. मी मुद्दाम हातात मावेल एवढंच काढलंय सगळं. टीव्हीवर नको होतं मला. टीव्ही लांबून बघतात. हे असं धरायचं, आपल्या माणसाचं तोंड धरतो तसं."

"मला बटनं दाबाया येत्यात व्हय?"

"मी दाबेन. तुम्ही नुसत्या धरा."

शालननं तो तळवा मिटला नाही. उघडाच ठेवून दुसऱ्या हातानं शेंगा चाचपू लागली. "सौरभ्या," ती म्हणाली, "हात काड आता. झालं आमचं बोलून."

सौरभनं हात काढले. पाणी प्यायच्या निमित्तानं तो आत गेला. रांजणाशी बराच वेळ उभा राहिला. मागून आईची पावलं आली, एक सरळ, एक ओढत.

"जेवला न्हाईस नीट."

"जेवलो की."

"ल्हानपनी काय लपवलं की असाच करायचास. भाकरीचं तुकडं ताटाखाली सारायचास." तिनं त्याच्या हातातला पेला घेतला आणि रांजणावर पालथा घातला. "माज्यापाशी नगं बोलूस. जिचं हाय तिला सांग."

"काही नाही, आई."

"बरं," शालन म्हणाली.

ते निघाले तेव्हा ती रस्त्यापर्यंत आली. गाडी वळेपर्यंत आरशात दिसत होती, निऱ्या उचलून परत घराकडे चाललेली. तिच्यामागे सांगाड्यावरची क्रेन ऊन तोलत उभी होती.

हडपसरच्या पुलाखाली गाड्या तुंबल्या. पुढे टेम्पो, मागे कुठल्याशा कंपनीची रिकामी बस. ऊन उतरत आलं होतं आणि सगळ्या काचा तांबूस झाल्या होत्या. चैताली खिडकीला डोकं टेकून बसली होती. चेहऱ्यावर अंगणातलं बोलणं अजून होतं.

"बघितलंस आईंना?" ती म्हणाली. "मला शंकाच होती. वाटायचं, आपण त्यांचं दुखणं चोरतोय की काय. आता काही नाही. आता मी हे पूर्ण करूनच थांबणार." तिनं पर्समधून फोन काढला. "आत्ताच सांगून टाकते स्पृहा मॅडमना. घरी गेले की तू पुन्हा सुट्यांचं काढशील."

"घरी जाऊन कर."

"का? इथे कोण ऐकतंय? टेम्पोवाला?"

तिनं नंबर लावला. पलीकडे घंटी वाजू लागली. बंद काचांच्या गाडीत ती सौरभलाही ऐकू येत होती. टेम्पो हातभर पुढे सरकला. सौरभ सरकला नाही. मागच्या बसनं हॉर्न दिला, मग पुन्हा दिला.

"अरे, घे ना पुढे."

त्यानं किल्ली फिरवून गाडी बंद केली.

घंटी थांबली. "हॅलो," फोनमधून बाईंचा प्रसन्न आवाज आला, "बोला चैताली, तुमचीच वाट बघत होते."

"नमस्कार मॅडम. मी विचार केला, आणि..."

सौरभनं हात पुढे करून तिच्या हातातल्या फोनवर ठेवला. फोन दोघांच्या तळव्यांमध्ये दबला. आतला आवाज बारीक होऊन हॅलो हॅलो करत राहिला. चैतालीनं त्याच्याकडे पाहिलं. आधी चिडून, मग चिडणं विसरून.

"तुमचा खेळ आमच्याकडे आलाय," तो म्हणाला. "भिंतीएवढ्या पडद्यावर. तुमचं यंत्र निघणार नाहीये, चैताली. मला मंगळवारपासून माहीत आहे."