चनमल्लप्पांचं शाकाहारी हाड

चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर चनमल्लप्पांनी लग्नात माइक धरायला सुरुवात केली. आहेर कुणाचा, जेवण कुठल्या मजल्यावर, नवरीचे मामा कुठं अडकले, हे ते अशा थाटात सांगत की मामासुद्धा खूश होत. मोबदल्यात पहिल्या पंगतीतलं मानाचं पान मिळालं की झालं.

पुढचा दात पडला आणि सगळा घोटाळा झाला. हिरड्या बरीच वर्षं सुजत होत्या, रक्त यायचं. ते मीठ चोळून गप्प बसायचे. शेवटी दात मऊ शेंगापोळीतच राहून गेला. तेव्हापासून ‘स’ म्हटला की शिट्टी वाजू लागली. नवी पेठेतल्या एका कापडवाल्याच्या मुलीच्या लग्नात त्यांनी “सर्वांनी शांतता राखावी” म्हटलं. बँडवाल्यांना शिट्टी म्हणजे इशारा वाटला. अक्षतांआधीच बँड दणाणला, नवरदेवानं गडबडून हार घालून टाकला आणि मंत्र म्हणणाऱ्या स्वामींनी उरलेलं हातवारे करून उरकलं.

दुसऱ्याच दिवशी बायको गौरम्मा त्यांना डॉक्टर शिवलीलांच्या दवाखान्यात घेऊन गेली. चनमल्लप्पांना संध्याकाळपर्यंत दात बसवून हवा होता. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दाखवून समजावलं की दाताच्या जागी जबड्याचं हाड झिजलंय, हिरड्याही सैल पडल्यात. आधी हिरड्यांची खोलवर सफाई, त्या घट्ट झाल्या की हाडाची भर, ती भरून आली की मग दात.

“काका, भुसभुशीत जागेत खांब रोवला तर मांडव उभा राहील का?”

“भर कसली घालणार?”

“हाडाच्या भुकटीची.”

“कुणाच्या हाडाच्या?”

बाई सांगू लागल्या की प्रकार असतात, काही भुकट्या जनावरांच्या हाडांपासून करतात. पुढचं ऐकायला खुर्चीत कुणी नव्हतं. जन्मात अंड्याला न शिवलेले चनमल्लप्पा गळ्यातल्या कागदी रुमालासकट रिक्षात जाऊन बसले होते. घरी त्यांनी शिट्टीसह उरलेलं आयुष्य काढण्याचा निर्णय जाहीर केला.

गौरम्मा एकटी परत गेली आणि राहिलेलं ऐकून आली. कारखान्यात बनवलेली भुकटीही मिळते, जनावराचा काही संबंध नाही. तरी यांच्या शंका संपेनात. कुठला कारखाना, तिथले कामगार डब्यातून काय खातात?

“सगळा जन्म तुमी कारखान्यात काढला,” ती म्हणाली. “आता थोडा कारखाना तुमच्यात राहिला तर काय बिघडतंय?”

दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून दवाखान्यातल्या खुर्चीत जाऊन बसले.

हिरड्या सुधारल्या, भर घातली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, काही दिवस मऊ खा, ओठ ताणू नका, कमी बोला. नेमकं त्याच दिवसांत अक्कलकोटला गौरम्माच्या भाचीचं लग्न आलं. सवयीनं माइक यांच्याच हाती आला. ते खुणा करू लागले. त्यांनी हात तोंडाकडे नेला तसे निम्मे पाहुणे जेवायला उठले.

गौरम्मानं माइक काढून घेतला. “आमच्या ह्यांना भूक लागलीय, तुमी बसा. अक्षता व्हायच्यात अजून.” मांडव हसला. मग तिनं तेच कन्नडमधून सांगितलं, तेव्हा उरलेला मांडवही हसला. दिवसभर ती एका तोंडानं दोन्ही भाषा बोलत होती. चनमल्लप्पा दहीभात कालवत ऐकत होते. चुका शोधायचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला, पण एकही सापडली नाही.

काही महिन्यांनी दात बसला, अगदी पक्का. ते आरशासमोर “सस्नेह स्वागत” घोळवत होते. एकदाही शिट्टी आली नाही. तेवढ्यात मंगळवेढ्याहून लग्नघरचा फोन आला. चनमल्लप्पांनी घसा साफ करून ठणठणीत आवाजात तारीख विचारली.

“तारीख सांगतो की,” पलीकडचा म्हणाला. “पण काकू मोकळ्या हायत का?”

त्यांनी फोन गौरम्माकडे दिला. ती बोलत असताना त्यांनी जेवायला वाढलेल्या ताटातली कडक भाकरी उचलली आणि नव्या दातानं एक तुकडा मोडला. मग फोन ठेवायच्या आत हळूच म्हणाले, “जेवणाचं तेवढं मला सांगू दे.”

तिनं तेवढं कबूल केलं.