मापाचं झंपर

सिरसाळ्यात केबल आली त्याच साली चाळिशी ओलांडलेल्यांची मापं घ्यायला शहरातून डॉक्टर मंडळी शाळेत उतरली. जगदेवीच्या नवऱ्यानं, किराणावाल्या शिवलिंगअप्पांनी, तिचं मापाचं झंपर पिशवीत घालून तिकडं धाडलं. शिंप्याकडं पंचवीस वर्षं तेच तर जात होतं, वर निरोप, "दोन बोटं सैल ठेव." मग तिनं स्वतः कशाला जायचं?

तासाभरानं नर्सबाई झंपर घेऊन दारात हजर. "मावशी, ह्यातून रक्त कसं काढू?"

नर्सबाईचा टेप कमरेभोवती फिरला आणि जगदेवीचे डोळे आपोआप मिटले. कॅनॉलच्या कोमट पाण्यात उतरल्यागत अंग हलकं झालं. इतक्या सावकाश तिला कुणी कधी मोजलंच नव्हतं.

"अंग दुखतं?"

"धा वर्सं झाली. आत कुनी चूल फुंकतंय जनू. घरचे म्हनत्यात, खाऊन सुजलीस."

"ही सूज आतली असते, मावशी, रक्त तपासलं की कळते. ऊस तोडणाऱ्या काटकुळ्या बायांतसुद्धा निघते."

संध्याकाळी अप्पांनी विचारलं, "काय निघालं माप?"

जगदेवी अजून त्या पाण्यातच होती. डोळे न उघडताच म्हणाली, "झंपराला इचारा."